अर्ध्या लाकडातली होडी

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की हा छंदवर्गाचा विषय चुकून इतिहासाच्या व्याख्यानमालेत आला. स्टायरीनच्या पांढऱ्या पत्र्यातून मासेमारी नौकेची प्रतिकृती करायची, तीही तयार संच न घेता, एकेक तुकडा स्वतः कापून. यात इतिहास कुठे आला? तर आज आपण हा छंद हातात धरूनच एका गावाच्या इतिहासात शिरणार आहोत. गाव आहे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ग्लॉस्टर. ते निवडण्याचं कारण असं, की नौकेची लहानशी प्रतिकृती आणि माणसांचं जगणं-मरणं यांचा संबंध इतका उघडपणे दिसणारं दुसरं उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. युद्धनौकेची प्रतिकृती करायची तर आराखडे मिळतात, कारण आरमाराचा कारभार कागदावर चालतो. मासेमारी नौकेचं तसं नाही. आपल्या कोकणातसुद्धा होडी बांधणारा सुतार कागद उलगडून बसत नाही. लांबी ठरते, रुंदी ठरते, बाकी सगळं डोळ्यात आणि हातात. ग्लॉस्टरची बहुतेक जहाजं बांधली जायची शेजारच्या एसेक्स नावाच्या खेड्यात, आणि तिथेही एकोणिसाव्या शतकात नौकेचा आराखडा म्हणून कागद नव्हता. तिथे होतं लाकडाचं मॉडेल, तेही अर्धं.

अर्धं म्हणजे कसं? नौका उभी मधोमध चिरली तर दोन्ही बाजू सारख्याच. मग दोन्ही कशाला कोरायच्या? बांधणारा माणूस पाइनच्या चार-सहा फळ्या एकावर एक रचायचा, लाकडी खुंट्यांनी किंवा स्क्रूने जोडायचा, आणि त्या ठोकळ्यातून नौकेची एकच बाजू तासून काढायचा. प्रमाण बहुधा एका फुटाला अर्धा इंच किंवा पाव इंच. मालक यायचा, कप्तान यायचा, मॉडेल हातात घ्यायचे, अंगठा फिरवायचे, एक डोळा मिटून नाळेकडून पिछाडीकडे बघायचे. "इथे जरा कमी कर" म्हटलं की रंधा फिरायचा. सगळ्यांचं समाधान झालं की खुंट्या काढून फळ्या सुट्ट्या करायच्या. प्रत्येक फळीची कड म्हणजे नौकेचा त्या पातळीवरचा आकार. तो मोजायचा, मोठ्या जमिनीवर खडूने पूर्ण मापात आखायचा आणि त्यावरून बरगड्या कापायच्या. म्हणजे मॉडेल आधी, नौका नंतर. आपण छंद म्हणून करतो ते बरोबर उलटं. नौका आधी होऊन गेलेली असते, आपण मागाहून तिचं मॉडेल करतो.

आता या अर्ध्या मॉडेलमध्ये काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते बघा. आकार दिसतो. वजन दिसत नाही. तळात दगडांचा भार किती टाकणार, तो कुठे बसणार, डोलकाठ्या किती उंच, शिडं किती, वर ओल्या दोरांचं आणि बर्फाचं ओझं किती, यातलं काहीही त्या गुळगुळीत लाकडात नसतं. मॉडेल मुळी डेकपाशी संपतं. ही गोष्ट जरा बाजूला ठेवू. ती पुढे लागणार आहे.

ग्लॉस्टरचा धंदा कॉड, हॅलिबट आणि मॅकरेलचा. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बर्फात ठेवलेल्या ताज्या माशाला बाजार आला आणि वेगाला किंमत आली. जो आधी धक्क्याला लागेल त्याला भाव. शिवाय खलाशांना पगार नसे, मिळकतीत वाटा असे, म्हणजे घाई मालकाची तशी खलाशाचीही. त्यातून जी नौका तयार झाली ती रुंद, उथळ, टोकदार नाळेची आणि भरपूर शिडाची. बंदरातलं पाणी उथळ असल्यामुळेही हा आकार सोयीचा होता. या नौकांना क्लिपर स्कूनर म्हणत. दिसायला अतिशय सुंदर! आजही प्रतिकृती करणाऱ्यांना पहिली भुरळ तीच घालते.

रुंद आणि उथळ नौकेची गंमत अशी की ती सुरुवातीला फार खंबीर वाटते. वारा आला तर थोडी कलते आणि तिथेच थांबते. खोल नौका त्या मानाने लवकर कलते, नव्या माणसाला भीती वाटते. पण कल वाढत गेला की चित्र उलटतं. रुंद नौकेची कड पाण्याखाली गेली की तिचा सगळा जोर संपतो आणि एका ठरावीक कोनानंतर ती सरळ होण्याऐवजी स्वतःच उलटू लागते. खोल नौकेत वजन खाली असतं, त्यामुळे ती आडवी पडली तरी परत उठण्याची शक्यता राहते. धक्क्यावर उभं राहून बघणाऱ्याला यातलं पहिलं दिसतं. दुसरं समुद्रात मध्यरात्री घडतं.

केप कॉडच्या पूर्वेला जॉर्जेस बँक नावाचा समुद्रातला उथळ भाग आहे. हिवाळ्याच्या शेवटी तिथे कॉड यायचा, आणि फेब्रुवारीतही ग्लॉस्टरचा ताफा तिथे नांगर टाकून हाताच्या गळाने मासे काढत उभा असायचा. नौका एकमेकींच्या जवळ. वादळ उठलं आणि वाऱ्याच्या अंगाच्या एखाद्या नौकेचा नांगर सुटला, तर ती थेट खालच्या नौकेवर येऊन आदळणार. म्हणून नांगराच्या दोरापाशी कुऱ्हाड घेऊन माणूस उभा ठेवत. दोर तोडला तर टक्कर टळते, पण मग उथळ पाण्यात फुटणाऱ्या लाटांत आपणच मोकळे सुटतो. 1862 च्या फेब्रुवारीत एका वादळात 15 नौका आणि 120 माणसं गेली. 1879 च्या फेब्रुवारीत 13 नौका आणि 143 माणसं. त्या एका वर्षाची एकूण बेरीज 29 नौका आणि 249 माणसं. गाव केवढं, आणि हे आकडे केवढे! जॉर्ज प्रॉक्टर यांनी 1873 मध्येच बुडालेल्या नौकांची आणि माणसांची नोंद करणारं पुस्तक छापलं होतं. म्हणजे मृत्यूंचा हिशोब ठेवला जात होता. आज ग्लॉस्टरच्या किनाऱ्यावर जे स्मारक आहे, त्यावर 5,300 हून अधिक नावं आहेत.

मग आकार का बदलला नाही? इतकी वर्षं, इतकी माणसं, आणि तरी तेच मॉडेल?

काही लोक याचं उत्तर मालकांच्या हावरेपणात शोधतात. ते काही प्रमाणात खरंही आहे. पण आमच्या मते ते अपुरं आहे. बुडालेली नौका परत येऊन सांगत नाही की मी का बुडाले. जॉर्जेसवर गेलेल्या नौकेची टक्कर झाली, ती लाटेखाली फुटली की कलून उलटी झाली, याचा साक्षीदारच उरत नसे. गाव म्हणायचं, "वादळात गेली." वादळाला दोष दिला की मॉडेल सुटलं. उलट जी नौका सर्वांआधी धक्क्याला लागली ती सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. तिचं अर्धं मॉडेल कारखान्याच्या भिंतीवर टांगलेलं. पुढचा मालक येऊन त्याच्याकडेच बोट दाखवणार: अशीच, फक्त थोडी लांब. आणि मॉडेल थोडं लांब करणं काही अवघड नव्हतं. जुनीच मापं घ्यायची आणि बरगड्या जरा अंतरावर ठेवायच्या.

शास्त्र उपलब्ध नव्हतं असंही नाही. 1870 च्या सप्टेंबरात ब्रिटिश आरमाराची एचएमएस कॅप्टन ही नवी युद्धनौका स्पेनच्या किनाऱ्याजवळ रात्री उलटली आणि पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली. त्या नौकेचं गणित करून दाखवलं गेलं की साधारण 54 अंशांच्या कलानंतर तिच्यात सरळ होण्याची ताकदच उरत नव्हती. त्याच सुमारास विल्यम फ्रूड इंग्लंडात टॉर्की इथे लांब हौदात मेणाची मॉडेलं ओढून जहाजांचा अभ्यास करू लागले होते. म्हणजे एका बाजूला मॉडेलवरून मोजमाप करणारं शास्त्र उभं राहत होतं, आणि दुसऱ्या बाजूला एसेक्समध्ये मॉडेलवरून अंगठा फिरत होता. दोन्हीकडे मॉडेलच, पण मधल्या दहा-पंधरा वर्षांत एकाची खबर दुसऱ्यापर्यंत पोचली नाही. आरमाराची नौका बुडाली की चौकशी बसते. मासेमाराची बुडाली की वर्गणी गोळा होते.

ही चौकशी शेवटी ज्याने केली तो काही विद्वान नव्हता. जोसेफ विल्यम कॉलिन्स, जन्म 1839, मेन राज्यातल्या आयल्सबरो बेटावरचा. लहानपणापासून मासेमारीत, पुढे ग्लॉस्टरच्या नौकांवर कप्तान, आणि नंतर अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगात नोकरीला. 1882 पासून त्याने ग्लॉस्टरच्या वृत्तपत्रात पत्रं लिहायला सुरुवात केली. म्हणणं सरळ होतं: आपल्या नौका फार उथळ आहेत आणि त्यामुळे माणसं मरताहेत. स्वतः त्या नौका चालवलेला माणूस हे लिहीत होता, त्यामुळे "तुला समुद्रातलं काय कळतं" असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

1883 मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शन भरलं. तिथे अमेरिकेने आपल्या नौकांची मॉडेलं मांडली. ती जमवण्यात आणि त्यांची वर्णनं लिहिण्यात कॉलिन्स होता. कारखान्यांच्या भिंतींवरची अर्धी मॉडेलं अशा रीतीने एकत्र आली आणि पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात राहिली. एरवी काम झालं की असं मॉडेल अडगळीत पडायचं, तुटायचं, हरवायचं. आता 1840 ची, 1860 ची, 1880 ची मॉडेलं शेजारी ठेवून कुणालाही बघता येऊ लागलं. एक सुटं मॉडेल सुंदर दिसतं. रांगेत ठेवली की ती कुठे चालली आहेत हे दिसतं.

कॉलिन्स लिहून थांबला नाही. 1886 मध्ये कनेक्टिकटमधल्या नोअँक इथे मत्स्य आयोगासाठी ग्रॅम्पस नावाची स्कूनर बांधली गेली, तिची कल्पना त्याची. लांबी नव्वद फुटांच्या आसपास, आणि खोली त्या लांबीच्या चालू नौकांपेक्षा दीड-दोन फूट जास्त. त्याआधी 1884 मध्ये डेनिसन लॉलर यांनी रूलेट नावाची खोल स्कूनर केली होती. मग एडवर्ड बर्जेस यांच्यासारखे शर्यतीच्या नौका आखणारे लोक या कामात आले. त्यांची 1889 ची फ्रेडोनिया इतकी नावाजली की तिच्या वळणाच्या नौकांना फ्रेडोनियाच म्हणू लागले. बोटांवर मोजण्याइतक्या वर्षांत ग्लॉस्टरचा ताफा खोल झाला. आणि गंमत म्हणजे या खोल नौका हळूही नव्हत्या! वेगासाठी जीव धोक्यात घालावा लागतो, ही समजूतच चुकीची निघाली.

आता आपल्या टेबलावर येऊ.

स्टायरीनचा जन्मही बघा, कॉलिन्सच्याच वर्षीचा. 1839 मध्ये बर्लिनच्या एदुआर्द सिमोन नावाच्या औषधविक्रेत्याने शिलारसातून एक तेलकट द्रव वेगळा काढला. शिलारस म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तोच सुगंधी राळेचा प्रकार. तो द्रव काही काळ ठेवला की घट्ट होतो, हे त्याने पाहिलं. पण घट्ट का होतो, हे समजायला हेरमान श्टाउडिंगर यांचा 1920 चा निबंध यावा लागला: लहान रेणूंची लांबच लांब साखळी होते म्हणून. 1930 च्या दशकात जर्मनीत त्याचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खेळणी आणि जोडणी-संच याच प्लास्टिकचे होऊ लागले. त्या संचांत विमानं भरपूर, रणगाडे भरपूर. मासेमारी नौका शोधावी लागते. म्हणून पत्रा आणावा लागतो आणि आपणच कापावा लागतो.

कापणं सोपं आहे. कटरने ओरखडा काढायचा आणि वाकवायचं, कडक् करून सरळ रेषेत मोडतो. जोडणं तर त्याहून विलक्षण. हा पातळ द्रव गोंदासारखा मध्ये बसत नाही. ब्रशने सांध्याला लावला की आत ओढला जातो, दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. खिडकी उघडी ठेवा, वाफ वाईट असते. आणि बंद पोकळ पोटात ती वाफ कोंडली तर आठवड्यांनी प्लास्टिक मऊ पडून खपाटीला जातं, तेव्हा आत हवेला वाट ठेवा.

हॉवर्ड चॅपेल यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. त्यांनी आयुष्यभर अर्ध्या मॉडेलांवरून आणि किनाऱ्यावर कुजत पडलेल्या सांगाड्यांवरून मापं घेऊन आराखडे काढले. 1936-37 मध्ये मंदीच्या काळात सरकारने बेकारांना काम म्हणून व्यापारी नौकांची मोजणी केली, तिच्यातही न्यू इंग्लंडचं काम त्यांच्याकडे होतं. अमेरिकन मासेमारी स्कूनरांवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक 1973 मध्ये आलं. म्हणजे लाकूड, मग कागद, आणि आता आपण कागदावरून परत वस्तू करतो आहोत.

तर अशा आराखड्याची योग्य मापात प्रत काढा. मधला उभा कणा दोन मिलिमीटर पत्र्यातून, आडवे छेद एक मिलिमीटरमधून, खाचा पाडून एकमेकांत बसवा. मग पट्ट्या ठोकण्याआधी एक काम करा. लांब लवचीक पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत छेदांवर टेकवा. कुठे ती छेद सोडून उचलली गेली, कुठे एखाद्या छेदाने तिला ढकललं, ते बघा. जिथे शंका येईल तिथे घासा किंवा पातळ तुकडा चिकटवा. एसेक्समधल्या आखणीच्या जमिनीवर माणसं गुडघ्यांवर बसून लाकडी पट्टीने हेच करत. पुढे अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या, लांबी भरणं, पॉलिश पेपर, आणि रंग वरती काळा किंवा गडद हिरवा. हे सगळं तुम्ही करालच.

पण आमची एक सूचना आहे. एकच नौका करू नका. 1870 च्या दशकातली एक क्लिपर आणि तिच्याच लांबीची ग्रॅम्पस, अशा दोन नुसत्या पोकळ कवच्या 1:48 प्रमाणात करा. या प्रमाणात एक फूट म्हणजे 6.35 मिलिमीटर. ज्या दीड-दोन फुटांवरून ग्लॉस्टरमध्ये इतका वाद झाला ते टेबलावर सेंटीमीटरभर भरतात. नुसते दोन्ही मधले छेद एकावर एक ठेवले तरी डोळ्यांत भरतं. मग दोन्हींचं डेक पाणी न शिरेल असं बंद करा. 150 टनांची नौका या प्रमाणात वजनाने 1.36 किलो होते, कारण वजन 48 च्या घनाने कमी होतं. तेवढं वजन शिशाच्या छऱ्यांनी तळात भरा, हलणार नाही असं बसवा, वर डोलकाठ्यांच्या उंचीवर योग्य तेवढं वजन लावा, आणि टबात सोडून बोटाने कलवत जा. लाटांचं वागणं मॉडेलमध्ये इतक्या सोप्या रीतीने उतरत नाही, पण शांत पाण्यात कोणत्या कोनाला नौका परत उठायची थांबते, ते वजन बरोबर ठेवलं तर लहान-मोठ्या नौकेत सारखंच येतं. भिंतीवरच्या अर्ध्या मॉडेलने जे कधी सांगितलं नाही ते हेच.

लहान होड्यांचंही सांगतो. लांबच्या बँकांवर जाणाऱ्या स्कूनरच्या डेकवर डोरी नावाच्या होड्या वाट्यांसारख्या एकात एक रचलेल्या असत. सपाट तळ, तिरक्या सरळ बाजू, मागे थडग्याच्या दगडासारखी अरुंद फळी. सपाट पत्र्यातून करायला याहून सोपी होडी नाही. 15 फुटी डोरी 1:48 ला साडेनऊ सेंटीमीटर होते. ती हातात घेऊन बघा, आणि 1883 च्या जानेवारीतला हॉवर्ड ब्लॅकबर्न आठवा. धुक्यात-बर्फात स्कूनरपासून तुटला, हातमोजे गेले, तेव्हा बोटं वल्ह्याभोवती वळवून तशीच गोठू दिली, म्हणजे वल्हवता यावं. जोडीदार डोरीतच गेला. ब्लॅकबर्न न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागला, हातांची सगळी बोटं गमावून. पुढे त्याच हातांनी तो 1899 मध्ये एकटा अटलांटिक ओलांडून गेला.

खोल पोटाने एक प्रश्न सुटला, सगळे नाही. नाळेपुढे लांब बाहेर आलेल्या वाशावर चढून पुढचं शीड गुंडाळताना माणसं लाटेबरोबर जात राहिली. त्या वाशाला खलाशी विधवा करणारा म्हणत. बोस्टनचे टॉमस मॅकमॅनस मुळात मासळीच्या व्यापारातले. त्यांनी नाळच पुढे वाढवून तो वासा काढून टाकला. 1902 मध्ये एसेक्समध्ये उतरलेली हेलन बी. थॉमस ही तशी पहिली. तेव्हा पहिल्यांदाच स्कूनर करायला घेणाऱ्यांनी या वळणाची घ्यायला हरकत नाही. पुढचा वासा, त्याच्या साखळ्या, खालचे दोर, सगळं काम वाचतं.

आता प्रश्न घेऊ.